उपरण्याखाली विचारलेला प्रश्न

सिरसाळ्याच्या बैलबाजारात मी एका देवणी जोडीच्या मागून चाललो होतो. जनावर मागून चालवून बघितल्याशिवाय मी भाव बोलत नाही. तेवढ्यात मिरच्या विकणारी एक बाई ओरडली, "अवो, चप्पल पडली की तुमची!" वळून बघितलं तर वीसेक पावलांमागं माझी डावी चप्पल उताणी पडलेली. मी खडीवरून अनवाणी चालत आलो होतो आणि पायाला त्याचा पत्ताच नव्हता.

चप्पल घातली, सौदा पुरा केला, कुणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खाटेवरून उठायला गेलो तर कमरेखालचं अंग जागचं हललं नाही. लघवीही अडली. धाकटा भाऊ लहू आणि बायको सिंधू यांनी मला जीपच्या मागच्या सीटवर आडवं घातलं आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

मी अंकुश, बैलांचा दलाल. वीसेक वर्षं लहू आणि मी मिळून हा धंदा केला. विकणारा जनावराची खोड कधी सांगत नाही, ती आपण शोधायची असते. त्यामुळं संशय हा माझा स्वभाव नाही, पोट आहे. पाय गेल्यावर मात्र तो पोटातून डोक्यात चढला. हे लिहितोय ते एवढ्यासाठी की माझ्यासारखा कुणी आज खाटेवर पडून छताकडं बघत असेल, तर त्याला कळावं, त्याच्या मनात येतं ते सगळं माझ्या मनात येऊन गेलंय. आणि त्यातलं बरंचसं वाईट होतं.

टोचतंय का?

डॉक्टर म्हणाले, पाठीच्या कण्यातून जी दोरी जाते तिला सूज आलीय. मी विचारलं, "कुणी काही खाऊ घातलं असंल का?" ते हसले. मला त्यांचं हसणं आवडलं नाही. पहिले तीन दिवस माझा संशय बाजारातल्या एका दलालावर होता, कारण आदल्या आठवड्यात त्यानं आपणहून चहा पाजला होता. मग संशय मशीनवर गेला. त्या बोगद्यात घालून काढलेला फोटो दुसऱ्याच कुणाचा असेल असं वाटायचं. त्यावरचं नाव मी लहूकडून तीनदा वाचून घेतलं.

दर दोन तासांनी दोघी जणी येऊन मला कुशीवर वळवायच्या, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून. लघवीला नळी. सकाळी एक मावशी पाठ पुसायची आणि पुसता पुसता जिथं माझा हात पोचत नव्हता तिथं न सांगता खाजवायची. ही बाई चहापाण्याची आशा धरून आहे, असं मी सिंधूला म्हणालो. सिंधूनं नोट पुढं केली तर मावशीनं घेतली नाही. तेव्हा मला आणखीच शंका आली.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाई टाचणी घेऊन यायच्या. पायाला टोचायच्या आणि विचारायच्या, "टोचतंय का?" मी त्यांच्या हाताकडं बघायचो. हात खाली गेला की म्हणायचो, "हो." जन्मभर लोकांच्या बैलांच्या खोडी उघड्या पाडल्या आणि स्वतःची खोड अशी झाकली. त्यात दवाखान्याचं काही नुकसान नव्हतं, माझंच होतं. एकदा पाय गार लागतात म्हणून सिंधूनं गरम पाण्याची पिशवी टाचेला लावली. "बरं वाटतंय का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, लई बरं वाटतंय. संध्याकाळी पिशवी काढली तर टाच भाजून फोड आलेला. ती जखम भरायला दोन महिने लागले. सिंधू अजून स्वतःलाच दोष देते. चूक माझी होती, हे इथं लिहून टाकतो.

माझा मेव्हणा कडा गावचा, तालुक्याचा पुढारी. तो सहा माणसं घेऊन भेटायला आला, माझ्या हातात नारळ दिला आणि फोटो काढला. मी विचारलं, "फोटो कशाला?" तो म्हणाला, "आठवण म्हणून, दाजी." आठवण जिवंत माणसाची काढत नसतात, हे मला ठाऊक होतं. त्या रात्री जेवलो नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला गेलो. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी लहूला एकट्याला बाहेर नेलं. तो परत आला तेव्हा त्यानं तोंडावर पाणी मारलेलं होतं. "काय म्हणले?" मी विचारलं.

"सहा म्हैन्यात चालशील म्हणले, दादा."

बोलताना तो खाटेच्या लोखंडी दांड्याकडं बघत होता. बाजारात असं बघणाऱ्याचा बैल मी दारातही उभा केला नसता. पण हे वाक्य मला हवं होतं, म्हणून मी ते घेतलं.

घरात कुणी भांडेना

घरी आल्यावर सगळे माझ्याशी गोड वागायला लागले. सिंधूनं आमच्या अख्ख्या संसारात माझं एक वाक्य उत्तराशिवाय सोडलं नव्हतं. ती आता म्हणायची, "बरं." भाजी खारट झाली म्हणालो, "बरं." भाजी खारट नव्हतीच, मी मुद्दाम म्हणालो होतो. तेव्हा माझी खात्री पटली की कुठंतरी पाणी मुरतंय.

सहा महिने झाले. पाय हलले नाहीत. "अजून थोडं," लहू म्हणाला. आठ झाले. "थोडं." मी पायाच्या अंगठ्याकडं तासन्‌तास बघायचो. कधी वाटायचं हलला. मग कळायचं की पंख्याच्या वाऱ्यानं चादर हलली.

मग पुण्याहून आमची लेक रेणुका आली. ती नोकरीला आहे. कंपनीत तिला कसलंसं बक्षीस लागलं होतं, मुंबईहून सुटून राजस्थानात फिरवून आणणाऱ्या एका राजेशाही आगगाडीचा प्रवास, दोन माणसांचा, आठ दिवसांचा. त्या गाडीत एक खोली चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी बांधलेली. "आण्णा, तुमी जावा. काकाला घेऊन जावा. आईच्यानं तुमाला उचलणं व्हायचं न्हाई."

धर्माची गाय अन् दात का गं नाय, असं जग मला हिणवेल, पण मी दात मोजायला घेतले. असली गाडी, असलं जेवण, ते माझ्यासारख्या लोळागोळा माणसाला कशासाठी? विकायला काढलेल्या बैलाला महिनाभर आधी पेंड सुरू होते, शिंगं घासून रंगवतात. मला वाटलं, माझी शिंगं रंगवायला घेतलीत. डॉक्टर नक्की काहीतरी बोललेत.

"मी मरणार हाय का?" मी सिंधूला सरळ विचारलं.

"कायबी बोलू नका," ती म्हणाली आणि भाकरी करायला उठली. दुपारचे तीन वाजले होते. तीन वाजता कोण भाकरी करतं?

गाडीवाल्यांच्या ऑफिसात मी स्वतः फोन लावला. न्हाणीघराचं दार किती रुंद आहे ते विचारलं. बाई म्हणाली, "एकदम प्रशस्त आहे सर." मी म्हणालो, "प्रशस्त किती इंच?" ती म्हणाली, "पाहुण्यांना आवडतं सर." उंबरा आहे का विचारलं, तर तिनं मला रात्रीच्या जेवणात काय असतं ते सांगितलं. फोन ठेवला आणि लहूला म्हणालो, "ही बाई खोड झाकती."

पुढच्याच आठवड्यात लहू तीन दिवस गायब झाला. आल्यावर म्हणाला, "धारूरकडं गोऱ्हा बघाया गेलतो." धारूरला सकाळी निघालेला माणूस जेवायला परत येतो. गोऱ्हाही आणला नव्हता. त्याच्या खांद्याला एक रेग्झिनची पिशवी असायची. ती तो तेव्हापासून खाली ठेवेनासा झाला. माझी फाइल त्यातच होती, हे मला माहीत होतं. आणखी काय होतं ते माहीत नव्हतं. सही घ्यायचे कागद असतील, असं एकदा मनात आलं. सख्ख्या भावाबद्दल आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं.

राजेशाही गाडी

स्टेशनात लाल सतरंजी अंथरलेली. गळ्यात हार घातला, कपाळाला टिळा लावला. बळी द्यायच्या बकऱ्यालाही टिळा लावतात, असं मी लहूला म्हणालो. तो हसला नाही. डब्याच्या दाराला एक लोखंडी उतार लावला, पण आतला बोळ अरुंद. माझी खुर्ची त्यात जाणार नव्हती. त्यांनी एक बारीक खुर्ची आणली, मला तीत बसवलं आणि आडवं-तिडवं करत खोलीपर्यंत नेलं. मला दोघांच्या हातात जाताना बाकीचे पाहुणे भिंतीला चिकटून उभे राहिले. कुणी बघत नसल्यासारखं करत होतं, ते बघण्यापेक्षा वाईट.

खोली मात्र चांगली होती. आमच्या डब्याची व्यवस्था बघणारा किशनलाल नावाचा माणूस होता, पन्नाशीचा, मोठ्या मिशांचा. तो आत आला आणि लहूला बघून म्हणाला, "अरे भाईसाहब, फिर आ गए!"

लहूनं डोळ्यानं त्याला गप्प केलं. मी ते बघितलं. म्हणजे लहू इथं आधी आला होता, धारूर खोटं होतं. मी काही बोललो नाही. बाजारातही आपल्याला कळलंय हे समोरच्याला कळू द्यायचं नसतं.

न्हाणीघराच्या दारातून ती बारीक खुर्ची नीट आत गेली. उंबरा चार बोटं उंच होता, पण त्याला दोन्ही अंगांनी चाक चढेल अशी लाकडाची पाचर ठोकलेली होती, नवी कोरी, रंग न दिलेली. भिंतीला धरायला दांडे. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच मी दार लोटून एकटा आंघोळीला बसलो. कोमट पाणी डोक्यावरून घेतलं आणि मला रडू आलं. पाणी वाहत होतं म्हणून बाहेर कळलं नाही.

जेवण लग्नाच्या पत्रिकेसारख्या जाड कार्डावर छापलेलं असायचं. पहिल्या दिवशी मी वाटीतलं सूप आधी लहूला पाजलं. तिसऱ्या दिवशी गाडीचा साहेब आला आणि फार अदबीनं म्हणाला की तुमचा खुर्चीतला एक फोटो आमच्या माहितीपत्रकात छापू का. मी नाही म्हणालो. मला कड्याचा मेव्हणा आठवला.

गाडी रोज एका शहरात थांबायची. पाहुणे बसनं किल्ले, महाल बघायला जायचे. किशनलाल रोज उतार लावून उभा राहायचा आणि मी रोज म्हणायचो, "पुढल्या साली. सोताच्या पायानं येईन तवा उतरीन." लहू खिडकीकडं तोंड फिरवायचा.

हात दे

चौथ्या दिवशी दुपारी सगळे किल्ला बघायला गेले. डब्यात आम्ही दोघेच. लहूनं औषध काढायला पिशवी उघडली आणि माझ्याकडं पाठ केली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"लहू, त्यात काय हाय?"

"औषिद."

"आन् डॉक्टर काय म्हणला व्हता?"

"सांगितलं की दादा. थोडं..."

तेव्हा मी खांद्यावरचं उपरणं काढलं, मांडीवर पसरलं आणि म्हणालो, "हात दे."

बैलबाजारात खरा भाव तोंडानं बोलत नाहीत. चारचौघांत माणूस काहीही बोलतो. दोघं उपरण्याखाली हातात हात घालतात आणि समोरच्याच्या तळव्यात बोटं देऊन आकडा सांगतात. जितकी बोटं, तितका आकडा. मूठ मिटली की काही नाही, बोली संपली. तोंडानं बोललेलं फिरवलं तर लोक हसण्यावारी नेतात. बोटानं दिलेलं फिरवणाऱ्याला बाजारात पुन्हा कुणी हात देत नाही. लहूनं आणि मी आजवर हजारदा असे हात घातले असतील. या हातानं तो माझ्याशी कधीच खोटं बोललेला नव्हता.

त्याला कळलं मी काय मागतोय ते. तो उठायला गेला.

"बस बे," मी म्हणालो. "माजे पाय. दहात किती?"

बऱ्याच वेळानं त्याचा हात उपरण्याखाली आला. मी वाट बघत राहिलो. त्याची करंगळी थोडी हलली. मला वाटलं, एक. दहात एक तरी आहे. मग करंगळीही आत गेली आणि माझ्या तळव्यात त्याची मूठ मिटली.

मी ती मूठ धरून बसलो. बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. मग मी रडलो, आमचे वडील गेले तेव्हाही रडलो नव्हतो इतका. लहूही रडला.

"तीन म्हैन्यालाच सांगितलं व्हतं," तो म्हणाला.

"मग कावून लपवलंस?"

"तू कदी इचारलंस दादा? चारचौघांत 'चालंन ना मी?' म्हणायचास. आसं इचारल्यावर कोण न्हाई म्हणंल? तू भाव ठरवूनच इचारत व्हतास."

मी जगातल्या प्रत्येकावर संशय घेतला, मावशीवर, मशीनवर, सूपावर. फक्त जे गोड लागलं त्यावर घेतला नाही.

"आन् ती तीन दिसाची धारूर?" मी विचारलं.

त्यानं पिशवीतून सुतळीचं बंडल काढलं. सुतळीला गाठी होत्या. एक माझ्या खुर्चीच्या रुंदीची, एक न्हाणीच्या दाराची, एक उंबऱ्याच्या उंचीची. तो मुंबईला गेला होता. मागल्या फेरीची गाडी सुटायच्या आधी प्लॅटफॉर्मवर उभा राहून त्यानं किशनलालच्या हातापाया पडून आत जाऊन मापं घेतली. पाचर करून घ्यायचं दोघांनी तेव्हाच ठरवलं.

"त्या फोनवाल्या बाईवर तुजा इश्वास न्हवता," तो म्हणाला. "माजा बी न्हवता."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं आसतं तर तू म्हणला आसतास, मला चालता येणार हाय, मग मापं कशाला घेतूस?"

खरं होतं. मी असंच म्हणालो असतो.

संध्याकाळी मी किशनलालला उतार लावायला सांगितला. किल्ला बंद झाला होता. आम्ही प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. चाकं मी स्वतः फिरवली. हात दुखले, पण झोप चांगली लागली.

सिंधू

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूला फोन केला. म्हणालो, "मला कळलंय. पाय यायचे न्हाईत."

पलीकडं भांडी घासायचा आवाज थांबला.

"तुला ठावं व्हतं?" मी विचारलं.

"व्हतं," ती म्हणाली. "तुमी कदी म्हणताव त्याची वाट बघत व्हते."

मी म्हणालो, गवंड्याला बोलव आणि न्हाणीचा उंबरा फोडून घे. तिनं हे मागं दोनदा सुचवलं होतं आणि दोन्हीदा मी अंगावर धावून गेलो होतो, जिभेनं. चालणाऱ्या माणसाच्या घरात उंबरा कशाला फोडायचा?

"निस्ता न्हाणीचा न्हाई," ती म्हणाली, "मोठ्या दाराचा बी फोडते."

मी दचकलो. मोठ्या दाराचा उंबरा कुणी फोडत नसतं. या घरात आल्यापासून सिंधू रोज सकाळी त्याला हळद-कुंकू वाहते. लेकीला ताप होता तेव्हाही चुकवलं नाही. मी म्हणालो, "लोक काय म्हणतील? घराची लक्ष्मी..."

"तुमाला बाहीर न्यायचं म्हणलं की चार माणसं बोलवावी लागत्यात. पोतं उचलल्यावानी उचलत्यात. अकरा म्हैने बघितलं. आता बघवत न्हाई मला." मग तिचा आवाज चढला, पूर्वीसारखा. "आन् लक्ष्मीचं मला सांगू नका. तिची पूजा मी करते, तुमी न्हाई."

किती दिवसांनी ती माझ्यावर ओरडली होती. मला इतकं बरं वाटलं की मी लहूलाही ऐकायला दिलं.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. जीपमधून लहूनं मला खुर्चीत घेतलं. दारात चार माणसं बोलावलेली नव्हती. उंबऱ्याच्या जागी सिमेंटचा उतार होता, अजून ओलसर रंगाचा, एका कडेला गवंड्याच्या थापीचा वण राहिलेला. त्याच्या बरोबर मधोमध ताजं हळद-कुंकू होतं.

चाक त्यावरून जाणार म्हणून मी थांबलो. सिंधू आत उभी होती, पदराला हात पुसत.

"थांबलात कावून?" ती म्हणाली. "तुमच्यासाठीच केलंय. या की आत."